आजींच्या कीपॅड फोनला रोज दीड जीबी डेटा कशाला?

पत्र: नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. घरात मी, हे आणि सासूबाई, त्यांचं वय ८४. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी दुबईला, सासूबाईंचा भाऊ बेळगावात. फोनवर महिन्याला अठ्ठावीसशेच्या वर जातात आणि हे चिडतात, म्हणतात एवढं बोलता तरी काय. हिशोब लिहून पाठवतेय. जुनी लँडलाइन टॅक्ससकट ३५०, त्यावर आयएसडीचे साधारण ७००, घरातलं फायबर वेगळ्या कंपनीचं ५८९, आणि चार मोबाइल, प्रत्येकी २९९ चा २८ दिवसांचा रिचार्ज. चौथा नंबर यांचा ऑफिसच्या काळातला, आता कोणी वापरत नाही पण बँकेत तोच दिलाय. सासूबाई स्मार्टफोनला हात लावत नाहीत, त्यांच्याकडे बटणांचा फोन आणि लँडलाइन. मुलगा आधी स्काइपवरनं लँडलाइनला लावायचा, ते बंद झाल्यापासून त्याच आयएसडी लावतात. मुलीशी व्हॉट्सॲप कॉल दुबईला लागतच नाही. यूपीआय वगैरे मी करते, हे बाहेर रोख देतात. लँडलाइन काढून टाकू का? सासूबाई ऐकायच्या नाहीत.

उत्तर:

काकू, हिशोब लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, बहुतेक लोक नुसतं "बिल जास्त येतंय" एवढंच लिहितात आणि मग सांगायचं काय कळत नाही. ३५०, ७००, ५८९ आणि चार रिचार्जचे ११९६, झाले २८३५. आता यात बोलल्यामुळे वाढलेले पैसे किती, तर फक्त ते आयएसडीचे ७००. उरलेले २१३५ तुम्ही सगळे महिनाभर तोंड शिवून बसलात तरी जाणारच आहेत. म्हणून काकांना सांगा की भारतातल्या भारतात बोलायला आता वेगळे पैसे पडतच नाहीत, आपले पैसे जातायत ते न वापरलेल्या डेटात, विसरलेल्या सिमात आणि एकाच कामासाठी घरात आणलेल्या दोन वायरींत. बोलणं कमी करून यातला एक रुपया वाचणार नाही, उलट आजी रुसतील ते वेगळंच.

आजींपासूनच सुरुवात करू. बटणांचा फोन, त्यात नेट वापरायचा प्रश्नच नाही, आणि त्यावर २९९ चा रिचार्ज म्हणजे साधारण रोज दीड जीबी डेटा. २८ दिवसांचा झाला ४२ जीबी, वर्षाचा साडेपाचशे जीबीच्या जवळ, आणि तो रोजच्या रोज रात्री बाराला वाया जातोय. यात दुकानदाराचं काही चुकत नाही, आपणच जाऊन "आईंचा मारा हो नेहमीचा" म्हणतो आणि तो मारतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नकोय त्यांच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएस असलेलं पॅक ठेवलंच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ही पॅक बाजारात आली. एअरटेलचं ८४ दिवसांचं ४६९ आणि वर्षाचं १८४९, जिओचं ८४ दिवसांचं ४४८ आणि ३३६ दिवसांचं १७४८, हे तेव्हाचे भाव. भाव बदलत राहतात, त्यामुळे रिचार्ज करायच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर एकदा बघूनच करा. आणि हो, ॲप उघडल्या उघडल्या ही पॅक समोर येतील अशी आशा ठेवू नका, समोर येतात ती ओटीटीवाली, ही शोधावी लागतात, खाली खाली जायचं आणि जिथे डेटाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही तिथे थांबायचं.

आता २९९ वर्षाला कितीला पडतो ते बघा. आपण मनात बाराने गुणतो, पण २८ दिवसांच्या रिचार्जचे वर्षात १३ होतात. १३ गुणिले २९९ म्हणजे ३८८७. त्याच्यासमोर १८४९ ठेवा, माणशी २०३८ सुटले. आजी आणि काका दोघांचं केलंत तर ४०७६, आणि दर महिन्याला "आईंचा फोन लागत का नाही, अरे रिचार्ज संपला वाटतं" हा प्रकारही बंद.

काकांच्या बाबतीत मात्र एकदा नीट विचारून घ्या. घरात वायफायवर त्यांचं व्हॉट्सॲप, बातम्या सगळं चालू राहील, बँकेचा ओटीपीसुद्धा एसएमएसने येतो त्यामुळे तोही अडणार नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की नेट नाही. तुम्ही म्हणता ते रोख देतात, मग ठीक आहे. पण सकाळी फिरायला गेल्यावर कट्ट्यावर बसून व्हिडिओ बघायची सवय असेल तर चार दिवसांत कुरकुर सुरू होईल. म्हणून त्यांना एकदम वर्षाचं नको, आधी ८४ दिवसांचं घ्या, जमलं तर पुढे वर्षाचं. मध्येच कधी प्रवासाला डेटा लागला तर त्यावर छोटं डेटा पॅक टाकता येतं का हेही आधीच विचारून ठेवा, सगळ्या पॅकवर ते चालत नाही. तुमचा स्वतःचा २९९ राहू दे, मंडईत यूपीआय करायचं तर डेटा लागणारच, तिथे काटकसर करायला जाऊ नका.

आता आयएसडी. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं आणि तुमच्यासारख्या कितीतरी घरांत हाच घोळ झालाय, कारण मुलं तिकडून साध्या लँडलाइनला लावायची ती सोय अचानक गेली आणि म्हाताऱ्या माणसांनी आपणहून ००१ फिरवायला सुरुवात केली. यावर उपाय सांगलीत शोधू नका, तो न्यू जर्सीत आहे. इथून तिकडे आयएसडी लावणं महाग, तिकडून इकडे लावणं अगदी किरकोळ. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला गूगल व्हॉइसचा नंबर मिळतो, त्यात थोडं क्रेडिट भरून ठेवायचं आणि तिथून भारतातल्या लँडलाइनला किंवा मोबाइलला मिनिटाला साधारण १ सेंट पडतो. महिन्याला ३०० मिनिटं बोलला तरी ३ डॉलर, म्हणजे तिकडची एक कॉफीसुद्धा येत नाही त्यात. आजींना काही शिकायचं नाही, काही दाबायचं नाही, नेहमीचा फोन वाजेल, त्या उचलतील. इनकमिंगला आपल्याला काहीच पडत नाही.

मला माहितेय तुम्ही काय म्हणणार, पोराला कशाला खर्चात घालायचं. अहो, तुम्ही इथे ७०० घालवताय ते त्याला कळलं तर तोच ओरडेल. त्याला सरळ मेसेज टाका की आजीला तू लाव, इथून लावायला लागू नये. फक्त वार आणि वेळ ठरवून घ्या, कारण आजी आपणहून का लावतात, तर त्याचा फोन कधी येईल ते माहीत नसतं म्हणून. रविवारी सकाळी आपल्याकडे ८ वाजले की न्यू जर्सीत उन्हाळ्यात शनिवार रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ असतात, हा एक तासाचा फरक मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळं हलवतात म्हणून पडतो. हे लँडलाइनशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर नोव्हेंबरात आजी तासभर आधीपासून फोनजवळ बसून राहतील. वेळ बसली की महिनाभराने लँडलाइनवरची आयएसडी सोय कंपनीला अर्ज देऊन बंदच करून टाका. आधी नको, आधी मुलाचा फोन नियमाने येऊ दे.

मुलगा कदाचित म्हणेल की इंडियन ग्रोसरीत कॉलिंग कार्ड मिळतं ते घेतो. घेऊ दे, पण मागच्या बारीक अक्षरांतलं वाचून. कॉल लागल्याबरोबर जोडणीचा चार्ज, आठवड्याला देखभालीच्या नावाखाली काहीतरी कापणार, आणि मिनिटं वरच्या आकड्याला पूर्ण करणार, असं असलं तर पाच डॉलरच्या कार्डावर छापलेली मिनिटं कधीच पुरी मिळत नाहीत.

दुबईचं वेगळं. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही, यूएईत व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल चालूच देत नाहीत, मेसेज आणि व्हॉइस नोट तेवढे चालतात. त्यामुळे मुलीला परत परत लावून बघू नका. तिथे परवानगी असलेली ॲप आहेत, बोटिम सगळ्यांना माहीत आहे, झूम आहे, गूगल मीट आहे. मी म्हणेन मीट घ्या, कारण तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल असतंच आणि न्यू जर्सीवालाही त्यातच येऊ शकतो. दोघांचाच कॉल असेल तर वेळेची अडचण नाही, तिघे किंवा जास्त असतील तर फुकटात ६० मिनिटं मिळतात, तास संपला की परत लावायचं. रविवारी रात्री साडेआठला बसा, तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा किंवा दहा. २०२२ पासून दुबईतही बहुतेकांना शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे मुलगीही घरात सापडेल. तुमचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आजींसमोर ठेवा, स्मार्टफोनला हात न लावणारी माणसं पणतू दिसल्यावर किती जवळ सरकतात ते बघाच.

कोणी सांगेल व्हीपीएन टाक, म्हणजे फोन कुठल्या देशातून चालतोय ते लपवणारं ॲप, की व्हॉट्सॲप लागतं. मुलीला अजिबात सांगू नका. बंद असलेल्या गोष्टींसाठी व्हीपीएन वापरणं तिथल्या कायद्यात बसत नाही आणि दंडाची सुरुवातच ५ लाख दिऱ्हमपासून होते.

आता लँडलाइन. काढून टाकू का विचारलंत. मी म्हणतो नंबर ठेवा, वायर बदला. ज्या माणसांनी ओवायटीत, म्हणजे जास्त पैसे भरून फोन लवकर मिळवायच्या जुन्या योजनेत, पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघितलीय त्यांच्या घरातून तो नंबर काढायला सांगायची माझी तरी हिंमत नाही, आणि सांगलीपासून बेळगावापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांच्या डायरीत तोच लिहिलेला असणार. पण तुम्ही तांब्याच्या जुन्या लाइनीचे ३५० देताय आणि वर दुसऱ्या कंपनीच्या फायबरचे ५८९. फायबरच्या बहुतेक प्लॅनमध्ये लँडलाइनसारखा फोन आणि देशभरातले अमर्याद कॉल आधीच धरलेले असतात, आत्ताच्या फायबरवरही ती सोय बहुधा असेल आणि तुम्ही कधी फोन जोडलाच नसेल. गोची एवढीच की मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. म्हणून जिच्याकडे तुमचा जुना नंबर आहे तिच्याच ऑफिसात जाऊन विचारा, आमच्या गल्लीत तुमचं फायबर आलंय का, आलं असेल तर हाच नंबर त्यावर टाकून द्या. दिला, की दुसऱ्या कंपनीचं बंद. दिला नाही, तर मग निवड करायची आहे, आजींच्या समाधानाचे महिन्याला ३५० द्यायचे की नवीन नंबर सगळ्यांना कळवायचा. मी असतो तर ३५० देत राहिलो असतो, पण तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. भाव विचारताना टॅक्स धरून किती ते विचारा, मोबाइलच्या रिचार्जमध्ये जीएसटी धरलेला असतो, फायबरच्या जाहिरातीत तो बहुधा वेगळा असतो, ४९९ म्हटलं की हातात ५८९ चं बिल येतं ते त्या १८ टक्क्यांमुळे.

एक गोष्ट या बदलात कोणी सांगत नाही. जुन्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरातले दिवे गेले तरी फोन चालू. फायबरवरचा फोन मोडेमवर चालतो, आणि लाइट गेले की मोडेम बंद, फोन मुका. पावसाळ्यात सांगलीत लाइट किती वेळा जातात आणि नेमके तेव्हाच किती नातेवाइकांचे "पाणी किती आलं" म्हणून फोन येतात ते तुम्हीच जाणता. इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या, नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा. आजींचा बटणांचा फोनही याचसाठी बंद करू नका.

चौथ्या सिमचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे पण वर्षाला ३८८७ रुपये तिथे पडून आहेत. घाईत बंद करू नका. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग, मग नंबर जातो, आणि निदान ९० दिवस गेल्यावर तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. बँकेत तोच नंबर असेल तर तुमचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जाणार. तेव्हा आधी बँक, पेन्शनचं खातं, आधार, गॅस, एलआयसी, सगळीकडे काकांचा चालू नंबर टाकून घ्या, त्या नंबरवर व्हॉट्सॲप असेल तर ते खातं काढा, नंतर सिम सोडा. आधारसाठी केंद्रावर स्वतः जावं लागतं का ते आधी बघून घ्या. त्याच फेरीत सरकारच्या संचार साथी पोर्टलवर काकांच्या नावावर एकूण किती सिम आहेत तेही बघा, कधीकधी कोणी मेळ्यात फुकट वाटलेलं किंवा कोणीतरी आपल्याच कागदांवर घेतलेलं निघतं, ते तिथूनच "माझा नाही" म्हणून कळवता येतं.

हिशोब परत मांडू. मोबाइलचे आत्ता वर्षाला १५,५४८ जातात, त्यात तुमचे ३८८७ आणि काका-आजींचे मिळून ३६९८ राहतील, म्हणजे ७५८५. तिथे ७९६३ वाचले. आयएसडीचे ८४००. आणि नंबर फायबरवर गेला तर लँडलाइनचे ४२००. वीस हजारांच्या वर जातं, आणि कोणाचं बोलणं एक मिनिटाने कमी झालेलं नाही.

उलट आजींना म्हणावं बेळगावला मनसोक्त बोला. तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैजेवर सांगतो, भावाशी बोलताना त्या मोठ्याने बोलत असणार आणि दोन मिनिटांत "बरं ठेवते, एसटीडी आहे" म्हणत असणार. त्यांनी पीसीओत लाल आकडे पळताना बघितलेत, रात्री अकरानंतर पाव रेट म्हणून थंडीत रांग लावलीय, ते डोक्यातून जात नाही. त्यांना सांगा की १ मार्च २००६ लाच बीएसएनएलनं देशात कुठेही मिनिटाला एक रुपया केला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर कॉलचे वेगळे पैसे घ्यायची रीतच मोडली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद कोर्टात कितीही चालू दे, फोनला ती सीमा उरलेली नाही. फक्त लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबायचं, जानेवारी २०२१ पासून तो नियम आहे, भाचीचा मोबाइल "लागतच नाही" त्याचं कारण बहुतेक वेळा तो शून्य असतो.

आणि परदेशी नंबरवरून मिस्ड कॉल आला तर आजींनी किंवा कोणीच उलट लावायचा नाही. घरात दोन मुलं परदेशात असल्यामुळे तुमच्याकडे हे सहज होऊ शकतं, नातवाचा असेल म्हणून लावायचा आणि तो निघायचा भलत्याच देशातला, ज्यावर मिनिटाला भरमसाट पैसे लागतात. मुलाचा आणि मुलीचा नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवून ठेवा, त्या दोनांपैकी नसेल तर सोडून द्यायचा. "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार" असा फोन आला तर तोही खोटा, ट्राय कोणाला असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कामाला सुरुवात करताना आधी चारही मोबाइलची रिचार्ज संपायची तारीख लिहून काढा, आजींचा ज्या दिवशी संपतो त्या दिवशी नवं पॅक टाका, आधी टाकून उरलेले दिवस घालवू नका. आणि तांब्याची लाइन बंद करायची वेळ आली तर अर्जाची पोच घ्या, जुनं मशीन परत करून त्याचीही पावती घ्या, आणि सुरुवातीला भरलेलं डिपॉझिट परत मागा. बाकी बिल वळतं करून उरलेलं मिळतं, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही, तेव्हा जुनी पावती ट्रंकेत कुठे आहे ते आजींनाच विचारा.